खाली चांदणी नव्हती

माझ्या वडिलांना सगळी इमारत चांदणीकाका म्हणायची. आता कुणी म्हणत नाही. चुकून म्हटलंच, तर बाबा ऐकू न आल्यासारखं करतात आणि मी भांडायला उठते. मी तोंडाने फटकळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे. लॉन्ड्रीच्या काउंटरवर वीस वर्षं काढली की माणूस गोड राहत नाही. लोक डाग घेऊन येतात आणि कपडे परत नेताना म्हणतात, हा डाग आमचा नव्हेच.

चांदणी म्हणजे आकाशातली नव्हे. जाहिरातीत मोठ्ठ्या अक्षरांत 'मोफत' लिहिलेलं असतं आणि त्या शब्दाच्या खांद्यावर एक बारकी चांदणी बसलेली असते, ती. तिची जोडीदारीण पानाच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांच्या आधी. निवडक मालावर, साठा असेपर्यंत, अटी लागू. बाबा एका वर्तमानपत्राच्या जाहिरात खात्यात होते आणि एकतीस वर्षं त्यांनी या दोन चांदण्यांची गाठ घालून दिली. पान छापायला जाण्याआधी त्यांच्या टेबलावर यायचं. वर चांदणी आहे आणि खाली नाही असं झालं, तर दुसऱ्या दिवशी साहेब, वकील आणि जाहिरातदार तिघेही त्यांच्या डोक्यावर बसायचे. म्हणून बाबा पान तळापासून वर वाचत. चांदण्या जुळल्या, चौकटीच्या चारही रेघा जागच्या जागी असल्या, की लाल पेन्सिलीने कोपऱ्यात 'पास' लिहीत. माल चांगला की वाईट ते बघणं त्यांचं काम नव्हतं. "माल आपला विषय नाही. आपला विषय कागद," हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आले.

तीच सवय त्यांनी घरी आणली. आमच्याकडे सकाळच्या चहाबरोबर जाहिरातींची उलटतपासणी चालायची. टीव्हीवर पांढरा कोट घातलेला माणूस सांगायचा, दहापैकी नऊ डॉक्टर हीच टूथपेस्ट वापरतात. बाबा म्हणायचे, "त्या दहाव्याला शोधा, मला त्याच्याशी बोलायचंय." घरांच्या जाहिरातीत असायचं, स्टेशन पाच मिनिटांवर. बाबा विचारायचे, "कुणाच्या पायांनी?" क्लासचा निकाल शंभर टक्के? "बसवले किती होते ते लिहा की." बारीक झालेल्या बाईचे दोन फोटो असले तर मला जवळ बोलवायचे. "बघ, आधीच्या फोटोत बाईने केस विंचरलेत का? नाही. नंतरच्या फोटोत पोट आत ओढून धरलंय का? मग यात औषधाचं काय कौतुक, कौतुक कंगव्याचं." मी खो खो हसायचे. शाळेत मैत्रिणींना शिकवायचे आणि त्यांच्या आया मला आगाऊ म्हणायच्या.

निवृत्त झाल्यावर त्यांनी तळमजल्यावरच्या वाचनालयात रविवारी सकाळी वर्गच सुरू केला. फी नाही, हजेरी नाही. आदल्या आठवड्याच्या जाहिराती भिंतीला टाचण्यांनी लावायच्या आणि लोकांनी तळापासून वर वाचायच्या. पंधरावीस माणसं यायची. खालच्या मजल्यावरची शिवणवाली तर मशीन बंद ठेवून यायची. तिने एकदा पडदे शिवायला दिलेल्या गिऱ्हाईकाला कर्जाच्या जाहिरातीतून वाचवलं होतं, तेव्हापासून ती बाबांना गुरू मानायची.

पण त्यांची पहिल्या नंबराची विद्यार्थिनी म्हणजे आई. आई फार शिकलेली नाही, पण नजर अशी तीक्ष्ण की तांदळातला खडा तिला दारातून दिसायचा. एकदा मिक्सरवर तवा मोफत अशी जाहिरात आली. आई पेपर घेऊन दुकानात गेली, तळाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "साठा असेपर्यंत म्हणता, तर साठा किती होता ते सांगा." दुकानदार म्हणाला, दोन तवे होते मावशी, दोन्ही गेले. आई घरी येऊन ती गोष्ट महिनाभर सांगत होती आणि बाबांची छाती दर वेळी फुगत होती. "हिला जर नोकरीला लावली असती ना, तर मला कुणी विचारलं नसतं," असं म्हणायचे. आई म्हणायची, "पुरे झालं, चहा गार होतोय."

त्याच आईचे डोळे गेले. कसे गेले ते सांगायलाच मी बसले आहे.

आईला काचबिंदू झाला. दुखत नाही, खुपत नाही, आणि नजर कडेकडेने गुपचूप जात राहते. सुदैवाने लवकर कळलं, कारण चष्म्याचा नंबर तपासायला गेली तेव्हा तिथल्या माणसाला शंका आली. आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. एका पेटीत डोकं घालायचं, आत कुठे कुठे बारीक ठिपका चमकतो, तो दिसला की हातातलं बटण दाबायचं. आम्ही पडद्याबाहेर बसलो होतो. आत बटणाचा टकटक आवाज येत होता. बाबा म्हणाले, "ऐकतेस ना? भराभर दाबतेय. एकही सोडत नसेल."

नंतर डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. "हे थेंब सकाळ-संध्याकाळ घालायचे. जेवढी नजर गेली तेवढी परत येणार नाही. जी आहे ती राखता येईल. जन्मभर घालावे लागतील. डोळे चुरचुरतील, लाल होतील. तरी सोडायचे नाहीत."

बाहेर आल्यावर बाबा खूश. "बघितलंस? कसलं आश्वासन नाही. बरं करते म्हणाली नाही. जी बाई काही विकत नाही ती अशी बोलते." आईला मात्र ते पटलं होतं तरी रुचलं नव्हतं. जन्मभर चुरचुर, आणि बदल्यात काय, तर काही नाही. काही होणार नाही हेच तिला मिळायचं होतं. तिने दोन वर्षं थेंब घातले. पापण्या काळ्या पडल्या, डोळे सकाळी लालभडक. कुणी भेटलं की विचारायचं, रडलात की काय? आई वैतागून म्हणायची, "हो, नवऱ्याने मारलं." बाबा ओशाळे व्हायचे.

मग मावशीने आईच्या फोनवर एक व्हिडिओ पाठवला.

मी तो इतक्या वेळा पाहिलाय की पाठ झालाय. साधी खोली, मागे दोरीवर टॉवेल. साठीची एक बाई पलंगाच्या कडेला बसलेली. केस थोडे विस्कटलेले. ती सांगते, मला काचबिंदू होता, थेंबांनी डोळे जाळून घेतले, लोक विचारायचे रडलीस का. हे ऐकून आई चमकली असणार, मी समजू शकते. मग एका ओळखीच्या वैद्यांनी झाडपाल्याचा अर्क दिला, आणि चार महिन्यांत मी सुई ओवायला लागले. बाई खरोखर सुई घेऊन ओवून दाखवते. दोनदा दोरा चुकतो, तिसऱ्यांदा जातो. मग हसते आणि म्हणते, "मला यातून काही मिळत नाही हो. माझ्यासारखी कुणी असेल तर तिला कळावं, एवढंच." संपलं. औषधाचं नाव नाही, किंमत नाही, फोन नंबर नाही, त्वरा करा नाही.

आई तशी भोळी नाही. तिने लगेच विश्वास ठेवला असता तर मी तिलाच रागावले असते. तिने फोन बाबांपुढे धरला आणि म्हणाली, "अहो, जरा तपासून द्या."

रविवार होता, दुपारची जेवणं झालेली, मी तिथेच भांडी पुसत होते. बाबांनी चष्मा लावला. शेवटापासून बघायला सुरुवात केली, सवयीप्रमाणे. खाली काही लिहिलंय का? नाही. बोटाने वर सरकवलं, खाली सरकवलं. चौकट नाही. चांदणी नाही. कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह नाही. बाईचे केससुद्धा विंचरलेले नाहीत. त्यांनी तो तीन वेळा पाहिला. तिसऱ्या वेळी तर त्यांचे डोळे पाणावले होते. मग चष्मा काढून म्हणाले, "ही जाहिरात नाही. पास."

खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं होतं.

मावशीला ज्या बाईने तो पाठवला होता, तिच्याकडे त्या अर्काचा पत्ता होता. कुणीतरी कुणाला तरी देत देत आलेला. बाटली फोनवरून मागवावी लागायची. आईबाबांना ते जमत नव्हतं. मग मागवली कुणी? मीच मागवली. माझ्याच अंगठ्याने. आणि तोंड वर करून मी बाबांवर चिडते.

बाटली आली. गडद हिरवी, छान बूच, आत वासाचं पाणी. डोळ्यांत घातलं तर गारेगार. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, "अगंबाई, किती बरं वाटतंय." पंधरा दिवसांत पापण्यांचा काळेपणा गेला. डोळे पांढरे स्वच्छ. तो काही अर्काचा गुण नव्हता. जुने थेंब बंद केले म्हणून लाली गेली होती. पण आम्हाला ते औषधच लागू पडल्यासारखं वाटलं. शिवणवालीने विचारलं, काकू, काय केलंत, दहा वर्षांनी लहान दिसताय. म्हणजे आमच्याच घरात आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो तयार झाले होते. आणि तो कंगवा आम्हा तिघांपैकी एकालाही दिसला नाही.

आठ महिने.

या आठ महिन्यांत आई दाराच्या कडेला दोनदा आपटली. आम्ही म्हणालो, बघून चाल. एकदा तिने चहा कपाच्या बाहेर ओतला. बाबा म्हणाले, लक्ष कुठे असतं हल्ली. शेजारची बाई जिन्यात हसली तर आईला दिसली नाही आणि ती बाई रुसली. आम्ही तिचीच समजूत काढत बसलो. काचबिंदू सांगून येत नाही, पण तो खुणा ठेवून जात होता. आम्ही तिघंही जाहिराती वाचण्यात पटाईत, आणि घरातलं माणूस कुणाला वाचता आलं नाही.

मग तपासणीची तारीख आली. पुन्हा तीच पेटी, पुन्हा आम्ही पडद्याबाहेर. आत यंत्राची घरघर चालू होती. बटणाचा टक असा एक आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग एक. बाबा खुर्चीच्या कडेला सरकले. म्हणाले, "बटण बिघडलंय वाटतं. जा, सांग त्यांना." मी उठले नाही. बाबा स्वतः उठले आणि पडद्याशी जाऊन उभे राहिले, आत जायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही. आत सगळं शांत होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "थेंब चालू आहेत ना?"

आई सरळ म्हणाली, "नाही, ते बंद केले. दुसरे घेते. यांनी तपासून दिलेत."

डॉक्टरीणबाईंनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पिशवीतून हिरवी बाटली काढून टेबलावर ठेवली, अगदी कोर्टात पुरावा ठेवावा तशी. डॉक्टरीणबाईंनी ती हातात घेतली, फिरवली आणि उलटी केली. बाटलीच्या बुडाला नखाएवढा कागद चिकटवलेला होता. त्यांनी भिंग लावून मोठ्याने वाचलं. "केवळ सुगंधासाठी. कोणत्याही आजारावर उपचार नाही. डोळ्यांपासून दूर ठेवावे."

तळाशी होतं. अगदी तळाशी. आमच्या घरात बाटली आठ महिने होती, आणि ज्या माणसाने एकतीस वर्षं तळापासून वाचलं त्याने ती एकदाही उलटी केली नाही. कारण माल आपला विषय नाही.

मी तिथेच ओरडले. बाबांवर, डॉक्टरीणबाईंच्या समोर. काय काय बोलले ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते. आई म्हणाली, "अगं, ओरडतेस काय, दवाखाना आहे हा." डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. आईच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "कधी कधी हा आजार थेंब घालूनही वाढतो. पुन्हा सुरू करू या." बाहेर आल्यावर मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाल्या, उजवा गेला. डाव्यात नळीतून बघावं एवढंच उरलंय. राखायचा प्रयत्न करू, पण फार आशा धरू नका.

राखता आला नाही. वर्षभरात तोही विझला. शेवटी शेवटी आई बाबांचा चेहरा तुकड्यातुकड्याने बघायची, आधी नाक, मग कपाळ, मग मिशी. म्हणायची, "तुमच्या मिशा पांढऱ्या झाल्या की हो. मला कुणी सांगितलंच नाही."

डॉक्टरीणबाईंचं ते दयेचं वाक्य आईने मात्र घट्ट धरून ठेवलं. कधी कधी थेंब घालूनही वाढतो. कुणी विचारलं की तेच सांगायची. बाबांना वाटलं, ती आपल्याला सांभाळून घेतेय. मलाही तसंच वाटायचं. खरं तर तिला कुणी पूर्ण सांगितलंच नव्हतं. त्या बुडाच्या कागदाचं तिला इतकंच वाटलं, की बाटली चुकीची आली असेल, पत्ता देताना मावशीने घोळ घातला असेल. व्हिडिओतल्या बाईचा तिला कधी संशय आला नाही. उलट म्हणायची, "तिला खरी बाटली मिळाली. आपलं नशीब."

बाबांनी वर्ग बंद केला. भिंतीवरच्या टाचण्यासुद्धा काढून आणल्या. शिवणवाली एकदा फोन घेऊन आली, "काका, जरा बघा ना, हे कर्ज देणारे खरे आहेत का?" बाबा दारातच म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही." ती बिचारी माझ्याकडे बघत राहिली. मी नंतर बाबांना धारेवर धरलं. म्हटलं, आता खरी गरज आहे तर शेपूट घालताय? शिकवा ना लोकांना, काय चुकलं ते सांगा.

तर त्यांनी कपाटातून एक वही काढून माझ्यापुढे टाकली. तीन महिने ते रोज दुपारी फोन घेऊन बसत होते, मला वाटायचं वेळ घालवतात. ते अभ्यास करत होते. प्रत्येक व्हिडिओसाठी एक ओळ. कोण बोलतंय. याला कोण पैसे देतं. हा काय सांगत नाहीये. सुरुवातीची पानं सुवाच्य अक्षरात भरलेली. पुढे पुढे रकाने रिकामे. शेवटच्या पानांवर नुसतं 'माहीत नाही', 'माहीत नाही', ओळीने खाली.

"पूर्वी चौकट असायची," बाबा म्हणाले. "चार रेघा मी स्वतः तपासायचो. बातमीसारखी दिसणारी जाहिरात असली तर वर बारीक अक्षरांत 'जाहिरात' असं छापायला लावायचो, कितीही भांडण झालं तरी. आता आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं? एक डॉक्टर हसून सांगतो, एक आजी रडून सांगते, एक माणूस नुसता आपला फ्रिज उघडून दाखवतो. सगळे म्हणतात आम्हाला काही मिळत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "मी लोकांना चांदणी शोधायला शिकवलं. त्यामुळे झालं काय, की जिथे चांदणी नाही तिथे तुझी आई निर्धास्त झाली. न शिकलेली असती तर घाबरली तरी असती. मी तिची भीती काढून घेतली."

मी म्हटलं, "आता कळलं ना, मग तेच सांगा रविवारी."

"आणि लोक काय विचारतील? काका, मग ओळखायचं कसं? काय सांगू मी त्यांना?"

त्या व्हिडिओची त्यांनी सरकारी कार्यालयात तक्रारही केली होती. सुंदर अक्षरात चार पानी पत्र लिहिलं, बाटलीचा फोटो जोडला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, सदर व्हिडिओ आढळून आला नाही. मी म्हटलं, आढळून आला नाही म्हणजे? माझ्या फोनवर आहे की! बाबा म्हणाले, जाऊ दे.

गेल्या रविवारची गोष्ट. मी आता वेगळी राहते, त्या दिवशी आईकडे गेले होते. आई जेवणाच्या टेबलाशी बसून मटार सोलत होती. ते काम तिला अजून जमतं, आमच्यापेक्षा भराभर. शेंग दाबायची, अंगठ्याने दाणे वाटीत, टरफल डावीकडे. बाबा समोर बसून तिच्या वाटीबाहेर पडलेले दाणे न बोलता आत टाकत होते.

लॉन्ड्रीत एका मुलीने मला एक व्हिडिओ दाखवला होता. मधुमेहाचा. साधी खोली, मागे दोरीवर टॉवेल. पलंगाच्या कडेला साठीची बाई. तीच. तीच बाई! या वेळी तिला बारा वर्षं साखर होती, पायाला जखम होती, पाय कापायला सांगितला होता, आणि एका ओळखीच्या वैद्यांनी तिला वाचवलं होतं. माझं डोकं फिरलं. तो व्हिडिओ मी माझ्या फोनवर घेतला आणि दोन दिवस कधी एकदा बाबांच्या तोंडावर मारते असं झालं होतं. का, ते मला धड सांगता येणार नाही. कुणाला तरी पकडल्याचा आनंद होता तो, दुसरं काय.

मी फोन बाबांपुढे धरला आणि म्हटलं, "बघा." आवाज कमी करायचं भान राहिलं नाही.

बाईने तोंड उघडताच आईने मान वर केली.

"अगं, ही तीच ना? डोळेवाली? आवाज वाढव जरा."

मी फोन बंद करायला गेले. बाबांनी माझा हात धरला. त्यांनी स्वतः आवाज वाढवला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. आई ऐकत राहिली. मान थोडी कलती, जुन्या ओळखीच्या माणसाचं ऐकावं तशी. शेवटी बाई म्हणाली, "मला यातून काही मिळत नाही हो," आणि संपलं.

"अरेरे," आई म्हणाली. "डोळे बरे झाले तर आता साखर. एकेकीच्या नशिबाला कसे भोग असतात." तिने पुढची शेंग उचलली. "खाली काही लिहिलंय का हो?"

बाबांनी फोन हातात घेतला. मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होते. नाही म्हणा आणि विषय संपवा, एवढंच माझ्या मनात होतं. आता या वयात, या डोळ्यांनी, तिला खरं कळून काय होणार होतं?

"खाली काही नाही," बाबा म्हणाले. मग फोन पालथा ठेवला. "आणि तिला साखर नाही. काही झालेलं नाही तिला. डोळ्यांचंही काही झालं नव्हतं. ती बोलायचे पैसे घेते. मला ओळखता आलं नाही गं. मी पास केलं."

आईचे हात थांबले. मी आयुष्यात तिचे हात थांबलेले पाहिले नव्हते. तिने हातातली शेंग टेबलावर ठेवली, मग चाचपून पुन्हा उचलली. तिचा चेहरा बाबांच्या आवाजाच्या दिशेने वळला, थोडा चुकीच्या बाजूला, बाबांच्या खांद्याच्या पलीकडे.

"म्हणजे तिचे डोळे कधी गेलेच नव्हते?"

"नाही."

बाबा तिच्याकडे बघत होते. ती रागावेल, ओरडेल, काहीतरी फेकेल, याची ते वाट बघत होते असं मला वाटलं.

"माझेच गेले होय," आई म्हणाली, आणि तिने शेंग सोलली.